मला काळे फासणाऱ्यांचे आभार

मित्रांनो, पुसून टाकण्याची भीती मला कोणी घालू नये. माझा सगळा जन्म पुसून घेण्यातच गेला. मी एक लाकडी फळा आहे. वय विचाराल, तर ज्या सुताराने मला घडवले त्याच्या नातवाला आता चाळिशीचा चष्मा लागला आहे. सध्या माझा मुक्काम एका इस्त्रीच्या दुकानाबाहेर, रस्त्याकडच्या भिंतीवर, दोन जाड खिळ्यांवर असतो. माझ्यामुळे या भागातल्या एका मोठ्या माणसाची झोप उडाली असे लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात. काय घडले ते मी पहिल्यापासून सांगतो, मग तुमचे तुम्ही ठरवा.

सुताराने मुरलेल्या लाकडाच्या तीन रुंद फळ्या एकमेकींत बसवल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि पुढून काळा रंग दिला. सगळ्यात खालच्या फळीत, उजव्या कोपऱ्याला, लाकडाची एक गाठ होती. रंधा मारून मारून तो दमला, पण गाठ काही सपाट होईना. शेवटी कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "राहू दे. एवढ्याशा गाठीनं काय होतंय?" ती गाठ आजही आहे. तिच्यावर आला की खडू टुणकन उडतो, कधी मोडतो. मला तिचा अभिमान आहे, हे लपवून कशाला ठेवू?

बावीस वर्षे मी तिसरीच्या वर्गात होतो. पाढे, नद्यांची वळणे, हातच्याची गणिते, सारे माझ्या अंगावरून गेले. गुरुजी वर्गाबाहेर गेले की वर्गनायक माझ्यावर बडबड करणाऱ्यांची नावे लिहीत असे. एकदा त्याने घाईघाईत अशा मुलाचे नाव लिहिले, जो त्या दिवशी शाळेतच आला नव्हता. गुरुजींनी त्या वर्गनायकाला उभे करून विचारले, "बघून लिहिलंस की अंदाजानं?" तो मान खाली घालून उभा राहिला. त्या वेळी मला ते प्रकरण किरकोळ वाटले होते. पुढे ते मला फार आठवणार होते.

मग शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले. माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे आम्ही तिघे होतो: चार झाडू, एक फुटकी बादली आणि मी. हिशोब चुकला म्हणू नका, झाडू एकजुटीने राहत, म्हणून मी त्यांना एकच धरत असे. अखेर शाळेने जुने सामान काढून टाकले, तेव्हा इस्त्रीवाल्या भाऊंनी मला नेले. मला चार पायांवर आडवे टाकून त्यांनी माझे कपड्यांच्या घड्या घालायचे टेबल केले. तीन वर्षे मी लोकांच्या चादरी पाठीवर घेऊन पडून होतो. वर तोंड करून निजलेल्या फळ्याइतका निरुपयोगी दुसरा कोणी नसेल.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहत. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. एकदा आपल्या चादरी उचलताना त्यांना माझ्या अंगावर अंधूक अंधूक 'चौतीस गुणिले सहा' दिसले. त्या थबकल्याच.

"अहो भाऊ, हा फळा आहे!"

"आहे की. पण टेबल म्हणून झकास चालतोय."

"तुम्हाला कुणी इस्त्रीनं भाकरी भाजायला लावली तर?" असे म्हणून बाई जिना चढून गेल्या. त्यांचे बोलणे असेच होते, थोडके आणि वर्मी बसणारे.

या बाईंचे काम काय होते, ते सांगतो. आपण निवडून दिलेले प्रतिनिधी ज्या सभागृहात बसून कायदे करतात, तिथे अध्यक्षांच्या उंच खुर्चीखाली एक लहानसे टेबल असते. त्या टेबलाशी बसून बाई एकतीस वर्षे लघुलिपीत भाषणे टिपून घेत होत्या. दहा मिनिटे टिपायचे, बाहेर जाऊन ते टंकायचे, पुन्हा पाळी आली की येऊन बसायचे. कोणी ओरडले, तरी टिपायचे. कोणी काहीच अर्थाचे बोलले नाही, तरी तेही टिपायचे. आपल्या पदरचे एक अक्षर घालायचे नाही. त्या टिपणांचा छापील वृत्तांत होई. दर दिवसाची एक, अशा त्याच्या पुस्तिका निघत. त्या पुढच्या गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयातही येत, आणि सुतळीने बांधलेल्या बांधलेल्याच माळ्यावर जात.

आमच्या भागाच्या प्रतिनिधींचा हसरा फोटो चौकाचौकात लागलेला असे, म्हणून सगळे त्यांना हसरे साहेब म्हणत. त्यांचे पांढरे शर्ट भाऊंकडेच इस्त्रीला येत, आठवड्याला दहा. एकदा कॉलरवरून इस्त्री फिरवता फिरवता भाऊ बाईंना म्हणाले, "एवढे शर्ट मळतात म्हणजे साहेब सभागृहात राबत असतील नाही?"

बाई हसल्या. "शर्टावरून कसं कळणार? वृत्तांतात बघा ना. कोण हजर होतं, कशाच्या बाजूनं मत दिलं, कशाच्या विरोधात, काय प्रश्न विचारले, सगळं छापलेलं असतं."

"मग आम्हाला कसं कधी कुणी सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही म्हणून."

"बरं, मी विचारतोय. लिहून लावा."

भाऊ हे सहज बोलून गेले. पण दुसऱ्याच दिवशी बाई काळ्या रंगाचा डबा घेऊन खाली आल्या, माझ्यावरच्या चादरी त्यांनी बाजूला सारल्या आणि मला उभे करायला लावले. मित्रांनो, तीन वर्षांनी मी भिंतीला पाठ टेकली तेव्हा मला काय वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

दर सोमवारी सकाळी बाई स्टुलावर चढत. भाऊंची लेक दुकानाचा गल्ला सांभाळत असे, ती आधी मला ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसून ठेवी. बाईंनी रकाने आखले होते: दिवस, हजेरी, विषय, मत, प्रश्न. माझ्यावर सहा ओळी मावत. सातवी आली की सगळ्यात जुनी पुसली जाई. बाईंचे नियम कडक होते. छापलेले असेल तेच लिहायचे. ज्या दिवशी नुसते 'होय, होय' ओरडून ठराव मंजूर होई, त्या दिवशी कोण काय ओरडले हे कोणी टिपत नाही, म्हणून तिथे 'आवाजी मतदान, नोंद नाही' असे लिहायचे. आणि विशेषण अजिबात नाही.

भाऊंना हे पटत नसे. "नुसतं 'गैरहजर' काय लिहिता? पुढे 'बेजबाबदार' लिहा की."

"ते वाचणाऱ्यानं म्हणायचं. लिहिणाऱ्यानं नाही."

हळूहळू लोक थांबू लागले. बसचा वाहक घंटी मारायच्या आधी खिडकीतून मान बाहेर काढून वाची. कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला सगळे मावशी म्हणत. त्या ड्युटीवर जाताना एक ओळ आणि परतताना एक ओळ वाचत. शाळेत माझ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिली जात होती, इथे न बोलणाऱ्याची नोंद होत होती. पहिल्या अधिवेशनात साहेबांच्या नावावर एकही प्रश्न नव्हता. दुसऱ्या अधिवेशनात त्यांनी चार प्रश्न विचारले, त्यांतला एक तर आमच्याच रस्त्याच्या गटारांबद्दलचा होता. बाईंनी चारही प्रश्न ठळक लिहिले. तेव्हा काही जण कुरकुरले, "बाई साहेबांना मिळाल्या वाटतं." मी मनात म्हटले, मिळाल्या असतील तर छापखान्याला मिळाल्या असतील.

साहेबांचे एक सहायक होते. बगलेत कायम डायरी, म्हणून त्यांना लोक डायरीवाले म्हणत. ते एकदा येऊन मोठ्या अदबीने म्हणाले, "बाई, साहेबांनी परवा व्यायामशाळेचं उद्घाटन केलं. तेही येऊ द्या फळ्यावर."

"सभागृहात केलं का?"

"नाही हो, व्यायामशाळेत केलं."

"मग व्यायामशाळेत फळा लावा."

डायरीवाल्यांनी डायरीत काहीतरी लिहून घेतले आणि ते निघून गेले.

आता माझ्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट सोमवाराकडे येतो. तो टाळून पुढे जाता आले असते, पण मग तुम्हाला ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ राहिला नसता.

लहान प्रसूतिगृहे बंद करून ती दूरच्या मोठ्या रुग्णालयांना जोडण्याचे विधेयक सभागृहात आले होते. आमच्या कोपऱ्यावरचे बारा खाटांचे प्रसूतिगृह त्यात जाणार होते. भाऊंच्या लेकीला तेव्हा पाचवा महिना होता. मोठे रुग्णालय दोन बस बदलून जाण्याच्या अंतरावर. साहेबांनी प्रसूतिगृहाच्या आवारात उभे राहून शब्द दिला होता, "मी विरोधात मत देणार म्हणजे देणार." त्यामुळे त्या सोमवारी सकाळपासूनच माझ्यासमोर गर्दी जमली होती.

वाचनालयात मतदानाच्या दिवसाची पुस्तिका आली होती. सभागृहात प्रत्येक सदस्य आपल्या बाकावरचे बटण दाबतो आणि त्यावरून नावांची यादी छापतात. बाईंनी यादी तीनदा पाहिली. बाजूने दिलेल्यांत साहेबांचे नाव नव्हते, आणि विरोधात दिलेल्यांतही नव्हते.

"काय झालं बाई? लिहा ना," भाऊ म्हणाले. "लोक खोळंबलेत."

बाईंनी लिहिले: 'हजर. मत दिले नाही.'

मित्रांनो, मग जो गदारोळ झाला! लोक तडक साहेबांच्या कार्यालयावर गेले. साहेब गॅलरीत येऊन घसा ताणून सांगत होते, "अहो, मी मत दिलंय! माझं बटण बंद होतं, म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं!" लोक खो खो हसले. 'बटण बंद होतं' हे आमच्या रस्त्यावर वाक्यच होऊन बसले. कोणी उशिरा आला की म्हणायचा, बटण बंद होतं. बाईसुद्धा हसल्या. मीही हसलो असतो, मला तोंड असते तर.

बुधवारी दुसऱ्या दिवसाची पुस्तिका वाचनालयात आली. बाईंनी ती उघडली आणि शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. तिथे शुद्धिपत्र होते. काल ज्यांची यंत्रे चालली नाहीत, त्यांनी चिठ्ठीवर दिलेली मते. एकूण पाच नावे होती आणि तिसरे नाव साहेबांचे होते. विरोधात.

चिठ्ठ्यांवरची मते दुसऱ्या दिवशीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर छापतात, हे या भागात कोणाला माहीत असेल तर ते एकट्या बाईंना. एकतीस वर्षांत अशी कितीतरी शुद्धिपत्रे त्यांनी स्वतःच्या हाताने टंकली होती. दोन दिवस थांबल्या असत्या तर चूक झालीच नसती. पण समोर लोक होते, आणि नाव यादीत नाही हे पाहून बाईंना आतून थोडे बरे वाटले होते. हे त्यांनी स्वतः भाऊंना सांगितले, म्हणून मीही सांगतो.

"मग आता?" भाऊंनी विचारले.

"आता काय. लिहायचं."

"अहो, कशाला? ती पुस्तिका कोण उघडतंय? साहेबांच्या माणसांनासुद्धा पत्ता नाही. गुपचूप पुसा आणि पुढचं लिहा. कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना," बाई म्हणाल्या.

खरे सांगतो, मला भाऊंचे पटले होते. मी फळा आहे, एका फडक्यात मोकळा होणारा. पण मला तो तिसरीतला मान खाली घालून उभा असलेला वर्गनायक आठवला आणि माझे मत बदलले.

बाईंनी पाट्या रंगवणाऱ्याकडून पांढऱ्या ऑइलपेंटची लहान डबी आणि ब्रश आणला. माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर, पुसले जाणार नाही अशा रंगात, त्यांनी लिहिले: 'या फळ्यावर चुकीचे लिहिले गेले. प्रतिनिधींनी प्रसूतिगृह विधेयकाच्या विरोधात मत दिले होते. शुद्धिपत्राची वाट न पाहता मी लिहिले. चूक माझी आहे.' अक्षरे रोजच्याएवढीच मोठी होती. मग त्या साहेबांच्या कार्यालयात गेल्या आणि समोर उभ्या राहून माफी मागून आल्या. साहेब काय म्हणाले ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. 'फळ्यावरचं काय खरं!' असे म्हणत लोक पुढे जाऊ लागले. बसच्या वाहकाने मान बाहेर काढणे सोडले. कोणीतरी माझ्या पोटावर शिकवणीवर्गाची जाहिरात डकवली, 'गणितात हमखास यश'. एका जुन्या शाळेच्या फळ्यावर! मावशी तेवढ्या उभ्या राहून वाचत. बाई सोमवार चुकवत नव्हत्या. जाहिरात खरवडून काढत, रकाने आखत, लिहीत. मात्र आता त्या मतदानाची ओळ लगेच लिहीत नसत. पुढची पुस्तिका येऊ देत, तिचे शेवटचे पान पाहत आणि मगच खडू उचलत.

माझी गेलेली अब्रू परत कोणी आणली असेल, तर ती साक्षात हसऱ्या साहेबांनी. विधेयक पहिल्या खेपेला मंजूर झाले नव्हते, दुरुस्तीसाठी परत गेले होते. साहेबांना वाटले, संधी सोन्यासारखी आहे. डायरीवाले कॅमेरा घेऊन आले, माझ्या वरच्या फळीचा फोटो काढून गेले आणि तिसऱ्या दिवशी घराघरांत पत्रके पडली: 'फळाही सांगतो, साहेब विरोधातच!' सभेत साहेब म्हणाले, "आपल्या भागात एक फळा आहे. तो कधी खोटं बोलत नाही. चुकला, तर तसं सांगतो. असा प्रामाणिक फळा आख्ख्या देशात नसेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ दुकानात ऊर भरून सगळ्यांना सांगत होते, "टेबल होतं हो ते आमचं!"

पुढच्या अधिवेशनात विधेयक पुन्हा आले. मतदान झाले आणि विधेयक थोड्या मतांनी मंजूर झाले. आमच्या साहेबांनी काय केले, हे कोणालाच कळेना. साहेब बाहेरगावी होते. डायरीवाले म्हणत, "साहेबांची भूमिका सर्वांना माहीतच आहे." पुस्तिका आली. बाईंनी यादी पाहिली, पुस्तिका मिटली आणि त्या रिकाम्या हातांनी दुकानापाशी आल्या.

"काय आहे यादीत?" भाऊ, मावशी, वाहक, सगळे एकदम.

"पुढची पुस्तिका येऊ दे."

"अहो, पण—"

"येऊ दे म्हटलं ना."

डायरीवाले आपण होऊन आले. त्यांचा आवाज खाली आला होता. "बाई, कदाचित या वेळीही बटण..."

"असेल. असेल तर शेवटच्या पानावर येईल. मी वाट बघते."

पाच दिवस वाट पाहिली. पुस्तिका आली. बाईंनी शेवटचे पान वाचनालयाच्या ग्रंथपालांनाही वाचायला लावले. त्या पानावर दोन नावांचे शुद्धिपत्र होते. त्यात साहेब नव्हते. सोमवारी बाईंनी स्टूल मांडले आणि लिहिले: 'प्रसूतिगृह विधेयक. हजर. बाजूने.'

मागच्यासारखी कोणी आरडाओरड केली नाही. लोकांनी खालची ओळ वाचली, मग वरची ऑइलपेंटची ओळ वाचली, मग पुन्हा खालची. मावशींनी पिशवीतून साहेबांचे पत्रक काढले, त्याची घडी उलगडली आणि ते माझ्या चौकटीत खोचून ठेवले. एवढेच.

आता साहेबांची पंचाईत बघा. फळा खोटा आहे असे म्हणायची सोयच उरली नव्हती. साऱ्या देशात मीच प्रामाणिक, हे त्यांनीच ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी दहा पांढरे शर्ट भाऊंकडे आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आले नाहीत. भाऊंनी खांदे उडवले. "बरं झालं. स्टार्च फार घालायला लावायचे."

गुरुवारी दुकानाला सुट्टी असते. भर दुपारी, रस्ता सामसूम असताना, दोन माणसे एक डबा आणि रुंद ब्रश घेऊन आली. त्यांनी मला काळे फासले. वरपासून खालपर्यंत, ऑइलपेंटच्या ओळीसकट, गाठीसकट. ती माणसे कोण होती, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. पण ते सांगणार नाही. छापलेले नाही ते लिहायचे नाही, हा आमचा नियम आहे.

मित्रांनो, क्षणभर माझाही संताप झाला. माणसाच्या तोंडाला काळे फासतात ते त्याची शोभा करायला. मग रंग अंगात मुरू लागला आणि मला हसू फुटले. अहो, मी फळा आहे! तीन वर्षांपासून माझा रंग उडत चालला होता. खडू नीट उमटत नव्हता. बाई दर महिन्याला म्हणत होत्या, "भाऊ, याला एक हात मारायला हवा," आणि भाऊ दर महिन्याला म्हणत होते, "पुढच्या महिन्यात." ते काम त्या दोघांनी फुकटात केले, आणि तेही दोन हातांचे!

शुक्रवारी सकाळी शटर वर गेले. भाऊंच्या लेकीच्या तोंडून किंकाळीच निघाली. तिचे बाळ तेव्हा दोन महिन्यांचे होते. कोपऱ्यावरच्याच प्रसूतिगृहात, मावशींच्याच हातांवर जन्मलेले. बाळाला कडेवर घेऊन ती जिना चढली आणि बाईंना घेऊन खाली आली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मला जवळून न्याहाळले, बोटाने रंग वाळलाय का पाहिला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पॉलिश पेपर आणा. रंग चांगला दिलाय, पण जरा चकाकतोय. खडू घसरेल."

भाऊ आधी बघतच राहिले. मग इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावे लागले. दिवसभर ते मला पॉलिश पेपरने घासत होते. येणारा जाणारा हात लावून जात होता. वाहकाने बस थांबवली आणि खाली उतरून दोन मिनिटे त्यानेही घासले. बसमधले लोक उशीर झाला म्हणून ओरडले, तेव्हा तो ओरडून म्हणाला, "बटण बंद होतं!"

सोमवारी सकाळी सारा रस्ता जमला होता. समोरच्या फूटपाथवर डायरीवाले उभे होते, या खेपेला डायरी उघडलेली नव्हती. मी असा काळाभोर आणि कोरा होतो, जसा सुताराच्या हातून निघालो होतो. सगळ्यांना वाटले, बाई साहेबांच्या मताची ओळ आधी लिहितील. निदान काळे फासणाऱ्यांबद्दल तरी चार शब्द लिहितील. भाऊ तर म्हणालेच, "आज एखादं विशेषण होऊन जाऊ द्या बाई. फक्त एक!"

बाई स्टुलावर चढल्या. डबीतला पांढरा ऑइलपेंट ढवळला. आणि माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर, पूर्वी होती त्याच जागी, तीच ओळ पुन्हा लिहिली: 'या फळ्यावर चुकीचे लिहिले गेले.' शेवटपर्यंत, 'चूक माझी आहे' पर्यंत.

"अहो बाई," मावशींना राहवले नाही, "ती तर पुसली गेली होती आयती! आता कशाला?"

"त्यांनी पुसली. मी नाही पुसली," बाई म्हणाल्या. "वरची ओळ राहिली, तरच खालची कुणाला पुसता येणार नाही."

समोरच्या फूटपाथवरून डायरीवाले कधी निघून गेले ते कोणाच्या लक्षात आले नाही. मग बाईंनी खडू भाऊंच्या लेकीच्या हातात दिला. "खालची ओळ आता तू लिही." तिने बाळ मावशींकडे दिले आणि ती खालच्या फळीवर लिहू लागली. प्रसूतिगृह विधेयक. हजर. 'बाजूने' लिहिताना ओळ उतरत उतरत माझ्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आली, खडू गाठीवर आदळला आणि टुणकन मोडला. ती घाबरून बाईंकडे बघू लागली.

"तिथं गाठ आहे," बाई म्हणाल्या. "जोर लावू नकोस, पण थांबूही नकोस."

तिने तुकडा उचलला आणि शब्द पुरा केला.

प्रसूतिगृह बंद करण्याचा हुकूम अजून आलेला नाही. पुढच्या अधिवेशनात त्याबद्दल प्रश्न विचारा, असे पत्र रस्त्यातल्या दोनशे लोकांनी सह्या करून साहेबांना दिले आहे. विचारला तर मी लिहीन. नाही विचारला तरी मी लिहीन. भाऊंची लेक आता दर सोमवारी स्वतः वाचनालयात जाते आणि आधी शेवटचे पान उघडते.

मित्रांनो, मी फार काही मागत नाही. तुमच्या भागातही असा एखादा फळा असेल, किंवा भिंतीला टेकून निजलेला असेल. त्याला उभा करा. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसा. जे लिहाल ते बघून लिहा, आणि चुकलात तर ते सगळ्यांत वर लिहा. ज्याला मला पुसायचे असेल त्याने खुशाल पुसावे, फक्त आधी वाचावे. आणि ज्यांच्याकडे काळ्या रंगाचा डबा अजून उरला असेल, त्यांनी तो झाकण घट्ट लावून जपून ठेवावा. दोन-तीन वर्षांनी मला पुन्हा एक हात लागणारच आहे.